विषबाईंचं अडीच

विषबाईंनी आयुष्यात एकशे त्रेसष्ट शोधनिबंध लिहिले आणि त्यातला एकही छापून आल्यावर परत उघडून पाहिला नाही. यात नवल काहीच नाही. छापून आलेला निबंध लेखकाने वाचायचा नसतो, यादीत घालायचा असतो. वाचायचं काम इतरांचं, आणि इतर तरी कुठे वाचतात म्हणा! ते सारांशावरून नजर फिरवतात, त्यातला आकडा उचलतात, कंसात लेखकाचं नाव आणि साल टाकतात आणि पुढच्या वाक्याला लागतात. याला संदर्भ देणं म्हणतात. असे संदर्भ जितके जास्त तितका माणूस मोठा.

विषबाई हे नाव त्यांना विभागातल्या कुणीतरी पाठीमागे ठेवलं होतं. पंचवीस वर्षांत ते इतकं तोंडावर आलं की आता त्या स्वतःच फोन उचलून "हां, विषबाई बोलतेय" म्हणायच्या. विषशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य हा त्यांचा विषय. माणसाच्या रक्तात, हाडांत, केसांत काय काय जाऊन बसतं, किती बसलं तर खपून जातं आणि किती बसलं की घात होतो, हे सांगण्यात त्यांची हयात गेली. स्वभाव तिखट, चष्मा दोरीला बांधलेला, आणि कुणी मीटिंगमध्ये बाटलीतलं पाणी पुढे केलं की आधी बाटलीचं बूड वाचणार, मग पिणार.

तर एका सोमवारी सकाळी विभागप्रमुख त्यांच्या खोलीत शिरले. या गृहस्थांना सगळे पुष्पगुच्छ म्हणत, कारण कुणाच्या हातात पुष्पगुच्छ द्यायची किंवा कुणाकडून घ्यायची एकही संधी त्यांनी आजवर सोडलेली नव्हती.

"बाई, चार हजार तीनशे बारा!" पुष्पगुच्छांचा चेहरा नुकतं बारसं उरकल्यासारखा फुलला होता.

"काय चार हजार तीनशे बारा?"

"तुमच्या एका निबंधाचे संदर्भ हो! एकट्या अडीचचे! अख्ख्या विद्यापीठात कुणाचे इतके नाहीत. शनिवारी तुम्ही जीवनगौरव पुरस्कार घेताना हा आकडा मी स्वतः वाचून दाखवणार. आणि एक डोक्यात आलंय. त्या निबंधातला मुख्य तक्ता मोठा करून व्यासपीठामागे लावायचा. सात फूट बाय चार फूट. कुठला लावू तेवढं सांगा, बॅनरवाला खोळंबलाय."

"तीन नंबरचा असेल. बघून सांगते," विषबाई म्हणाल्या. आतून त्याही सुखावल्या होत्या. का नाही सुखावणार? माणूसच आहे.

आता हे अडीच म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी विषबाईंनी नव्वद निरोगी मुलांचं रक्त तपासून त्यात शिसं किती आहे ते मोजलं होतं. हे शिसं म्हणजे जुन्या बॅटऱ्यांतलं, जुन्या रंगांतलं, पोरांच्या मेंदूचं वाटोळं करणारं. नव्वद आकडे ओळीने मांडले तर मधोमध आला अडीच. एककांच्या भानगडीत आपण पडायला नको. सारांशात विषबाईंनी ठणकावून लिहिलं की निरोगी मुलाच्या रक्तात शिसं स्वाभाविकपणेच अडीच असतं. प्रदूषण मंडळाने ते उचललं, दुप्पट केलं आणि नियम केला: पाचाखाली सगळं सामान्य. आकडा सुटसुटीत, लक्षात राहायला सोपा. बघता बघता तो इतर मंडळांत गेला, पाठ्यपुस्तकांत गेला, परीक्षेच्या रिकाम्या जागा भरा मध्ये गेला. हजारो पोरांनी अडीच लिहून एकेक मार्क मिळवला.

त्या अडीचवर एक माणूस तर पुरता पोसला गेला होता. त्या निबंधाचा दुसरा लेखक, विषबाईंचा पहिला विद्यार्थी. तेव्हा तेवीस वर्षांचा किडकिडीत मुलगा, आता बावन्न वर्षांचा सल्लागार, रेशमी टायवाला. अडीचवर त्याची सात पुस्तकं होती. विभागात त्याला अडीचशास्त्री म्हणत आणि विषबाईंनाही मनातून त्याचं फार कौतुक होतं. पोटच्या मुलीपेक्षा तो जास्त फोन करायचा.

पुष्पगुच्छ गेल्यावर विषबाईंनी कपाटातून जुनं नियतकालिक काढलं, फुंकर मारली, शिंकल्या आणि तक्ता तीन उघडला.

अडीच. अडीच. अडीच. अडीच. पान उलटलं. अडीच, अडीच, अडीच. नव्वदपैकी सत्त्याऐंशी मुलांपुढे अडीच. विषबाई चष्मा पुसून परत बघायला बसल्या. नव्वद पोरं उंची मोजायला उभी केली आणि सत्त्याऐंशी जण दोऱ्याने मापल्यासारखी एकाच उंचीची निघाली, तर शाळेचा शिपाईसुद्धा म्हणेल की पट्टी मोडकी आहे. आणि इथे चार हजार तीनशे बारा विद्वान या तक्त्याला मान डोलावून गेले होते. पहिली मान अर्थातच स्वतः बाईंची.

तक्त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तळटीप होती. त्यांनी भिंग काढलं. "पाचापेक्षा कमी प्रमाण यंत्रास ओळखता येत नाही. अशा नमुन्यांसाठी पाचाचे निम्मे, म्हणजे अडीच, गृहीत धरले आहे."

ही त्या धंद्यातली जुनी रीत. यंत्राला दिसलं नाही म्हणून शून्य लिहायचं नाही, कारण शून्यच आहे हे कुणी पाहिलंय? पाचही लिहायचं नाही, कारण तेवढं नक्की नाही. मग मधलं काहीतरी, निम्मं. सगळेच लिहायचे, आणि लिहिण्यात खोटं काही नव्हतं, खाली टीप दिली की झालं. पण हा अडीच कुठल्या पोराच्या रक्तातून आलेलाच नव्हता. तो त्या जुनाट, अर्ध्या आंधळ्या यंत्राच्या नजरेचा निम्मा भाग होता. आणि सारांश लिहिताना काय झालं होतं तेही विषबाईंना लख्ख आठवलं. संपादकांची मर्यादा दोनशे शब्दांची, त्यांचे झाले होते दोनशे अकरा. अकरा शब्द कापायचे होते. त्यांनी यंत्राची हकिगत सांगणारं वाक्य कापलं. बरोबर अकरा शब्दांचं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, वा, काय बेमालूम जमलं!

त्या तरातरा प्रयोगशाळेत गेल्या.

प्रयोगशाळेचा कारभार वहिनींच्या हातात. त्या कुणाच्या वहिनी होत्या हे आता कुणालाच आठवत नव्हतं, पण एकोणीस वर्षं यंत्रं त्याच सांभाळत होत्या.

"वहिनी, आपलं नवं यंत्र किती खालपर्यंत बघतं?"

"पॉइंट एकपर्यंत, बाई. एकदम तीक्ष्ण नजर."

"मग साध्या, चांगल्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं किती दाखवतं?"

वहिनींनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली, पदराला हात पुसले आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा केला. "बाई, रागावणार नसाल तर सांगते. ते कमी दाखवतं."

"कमी म्हणजे किती?"

"पॉइंट सहा. पॉइंट आठ. एखादं फार झालं तर सव्वा. सहा वर्षं झाली, हेच चाललंय. आम्ही कंपनीच्या माणसाला तीनदा बोलावलं. तो म्हणतो यंत्र ठणठणीत आहे. आता चौथ्यांदा पत्र टाकलंय, तक्रार वरपर्यंत नेणार आहे मी. सोडत नाही त्यांना."

"अहो, पण यंत्र बिघडलंय असं वाटलंच का तुम्हाला?"

"म्हणजे काय!" वहिनी जवळजवळ दुखावल्याच. "तुमचं अडीच येत नव्हतं ना!"

विषबाईंनी कपाळाला हात लावला आणि स्टुलावर बसल्या. सहा वर्षं खरं बोलणाऱ्या यंत्राला त्यांच्याच माणसांनी खोटं ठरवून दुरुस्तीला काढलं होतं, आणि तेही त्यांच्यावरच्या मायेपोटी. यावर ओरडायचं तरी कुणावर?

त्यांना ओरडता आलं नाही याचं आणखी एक कारण होतं. गेले तीन आठवडे एका शाळेतली नर्स त्यांना फोन करत होती. शाळेच्या भिंतीला लागून जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती. नर्सने खटपट करून एकशे बारा मुलांचं रक्त तपासून घेतलं होतं. आकडे तीन ते पावणेपाचच्या मधले. प्रत्येक कागदावर शिक्का, "सामान्य". विषबाईंनी तिला फोनवर दोनदा सांगितलं होतं, "अहो, पाचाच्या आत आहे ना? मग उगाच जीव टांगणीला लावू नका." तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्यांनी मीटिंगमध्ये आहे असं सांगायला लावलं होतं. भट्टीच्या परवान्याचं नूतनीकरण गुरुवारी होतं. मंडळाची सुनावणी. विशेष आमंत्रित म्हणून विषबाईंचं नाव होतंच, आणि त्या जाणार नव्हत्या, कारण शनिवारच्या भाषणाची तयारी करायची होती.

त्यांनी स्वतः नर्सला फोन लावला.

नर्स मंगळवारी आली. पस्तिशी-चाळिशीची बाई, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला फुगलेली पिशवी. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "मीटिंग संपली वाटतं."

"संपली," विषबाई म्हणाल्या. त्यांनी एकशे बारा कागद एकेक करून पाहिले. तीन पॉइंट चार. चार पॉइंट एक. चार पॉइंट सहा. साध्या मुलांच्या चारपट, सहापट. मग त्यांनी नर्सला तक्ता दाखवला, तळटीप दाखवली, वहिनींच्या यंत्राचं सांगितलं. अजिबात लपवलं नाही.

नर्सने तळटीपेवर बोट ठेवलं. "एवढ्या मोठ्या शिकलेल्या लोकांना बारीक अक्षर वाचायचा कंटाळा?"

"हो."

"आणि तुम्ही गुरुवारी हे सगळ्यांसमोर सांगणार?"

विषबाईंच्या तोंडून लगेच हो निघालं नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. हो निघालं, पण एकशे बारा कागदांचा गठ्ठा नीट रचून झाल्यावर.

बातमी पुष्पगुच्छांच्या कानावर गेली. ते धावतच आले.

"बाई, चूक कुणाच्या हातून होत नाही? मी तर म्हणतो, सांगा! जरूर सांगा! पण शनिवारनंतर सांगा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. एकोणतीस वर्षं थांबलं जग, अजून दोन दिवस थांबेल."

"सुनावणी गुरुवारी आहे."

"सुनावणी पुढे ढकलता येते. समारंभ कसा ढकलणार? कुलगुरूंची तारीख घेतलीय! बॅनर छापून झालाय!"

"तुम्ही तो तक्ता सात फुटी केलात?"

"केला की. फार भारदस्त दिसतोय."

"मग तळटीपही वाचता येत असेल आता. बरंच झालं, कुणीतरी वाचेल."

पुष्पगुच्छांच्या चेहऱ्यावरचं पाणी पळालं. त्यांनी तिथल्या तिथे बॅनरवाल्याला फोन लावला आणि खालच्या दोन ओळी कापायला सांगितल्या. विषबाईंना हसू आवरेना. कापाकापी त्यांनीच सुरू केली होती, परंपरा चालू राहिली म्हणायची.

बुधवारी संध्याकाळी घरी मात्र त्यांना हसू येईना. नवरा निवृत्त भूगोलाचा शिक्षक, दिवसभर गच्चीत झाडांना पाणी घालणारा आणि बायकोच्या विद्वत्तेला कधीही न घाबरलेला. त्याने चहा पुढे ठेवला.

"अगं, एकशे त्रेसष्टांतला एक गेला. राहिले एकशे बासष्ट. मी आयुष्यात एक लेख लिहिला, तोही शाळेच्या अंकात, आणि त्यातला नकाशा उलटा छापला होता."

"तुम्हाला गंमत सुचतेय. अहो, त्या एकशे बासष्टांतले चाळीस त्या एकाच्या खांद्यावर उभे आहेत."

"मग चाळीस खाली उतरव."

"आणि मग मी कोण?" विषबाईंनी कप बाजूला सारला. "मला भीती वाटतेय हो. एकसष्टाव्या वर्षी भर सभेत उभं राहून सांगायचं, की जिच्यासाठी तुम्ही टाळ्या वाजवता ती बाई एका अर्ध्या आंधळ्या यंत्राचा निम्मा आकडा घेऊन आयुष्यभर मिरवली. उद्या कॉरिडॉरमध्ये पोरं हसतील मला."

नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसला. "हसतील. चार दिवस हसतील. आणि नाही सांगितलंस तर कुणीच हसणार नाही, पण मग तू माझ्याशी या टेबलावर धड बोलू शकणार नाहीस. मला ओळखू येतं. चहा घे, निवतोय."

बाईंनी चहा घेतला. त्यात साखर नव्हती, तरी संपवला.

गुरुवारी मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सुनावणी भरली. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर जुन्या चहांचे गोल डाग, आणि एक पंखा, जो फिरताना दर फेरीला कण्हत होता. मधोमध अध्यक्ष. निवृत्तीला आठ महिने उरलेले, चेहऱ्यावर कुठलंच संकट अंगावर न घेण्याचा पक्का निर्धार. कोपऱ्यात नर्स. आणि भट्टीवाल्यांच्या बाजूला, तज्ज्ञ म्हणून, रेशमी टाय लावून अडीचशास्त्री.

विषबाई आत येताच तो ताडकन उठला. "मॅडम! तुम्ही? बसा, बसा, इथे पंख्याखाली बसा." खरंच आनंद झाला होता त्याला. मग त्याने बाजू मांडली. फार सुरेख मांडली. आवाजाचा चढउतार, मधले विराम, सगळं विषबाईंचं. एकशे बारा मुलं, सगळी पाचाच्या आत. "आणि हे मी सांगत नाही, साहेब. ज्यांनी हे शास्त्र उभं केलं त्या इथेच बसल्या आहेत."

अध्यक्षांनी कृतज्ञतेने विषबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही दोन शब्द बोललात की सही करून मोकळा होतो."

विषबाई उठल्या. "तो आकडा चुकीचा आहे," त्या म्हणाल्या.

पंखा कण्हला. अध्यक्ष म्हणाले, "कुठला?"

"अडीच. माझाच. तो मुलांच्या रक्तातला नाही, यंत्राला दिसत नव्हतं म्हणून धरलेला आहे. साध्या मुलांत शिसं एकाच्या आत असतं. या मुलांत चारपट ते सहापट आहे. परवाना देऊ नका."

अध्यक्षांनी फाइल पुढे ओढली, मागे ढकलली. "बाई, हे तुम्ही कशाच्या आधारे म्हणताय?"

"मी लिहिलंय ते! मला माहीत नसेल?"

"तसं नाही. तुम्ही आत्ता बोलताय ते तुमचं वैयक्तिक मत झालं. निबंध छापील आहे. त्याला संदर्भ किती म्हणालात, चार हजार..."

"तीनशे बारा," अडीचशास्त्री पुटपुटला.

"चार हजार तीनशे बारा लोकांचा पाठिंबा आहे. तुमच्या बाजूला आज किती?"

विषबाईंनी उभ्या आयुष्यात खूप लोकांशी वाद घातला होता, पण स्वतःच्याच निबंधाने त्यांना असं हाताला धरून बाहेर काढलं नव्हतं. कोपऱ्यातून नर्स म्हणाली, "माझं धरा एक." अध्यक्षांनी तिला गप्प राहायला सांगितलं आणि चहासाठी दहा मिनिटं सुट्टी दिली.

जिन्याजवळ विषबाईंनी अडीचशास्त्र्याला गाठलं. "तो तक्ता तूच भरला होतास. आठवतं?"

"मॅडम, आत्ता नको."

"आत्ताच. तुला हे माहीत होतं?"

त्याने टाय सैल केला. एकदम तो तेवीस वर्षांचा दिसायला लागला. "बारा वर्षं झाली. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्रावर पहिल्यांदा नमुने लावले तेव्हाच कळलं. मी तुम्हाला सांगणार होतो. दोनदा फोनही केला होता. पण तुमचं नाव इतकं... मला धीरच झाला नाही. तुमच्यासाठीच गप्प बसलो मी."

"माझ्यासाठी की सात पुस्तकांसाठी?"

त्याने टाय पुन्हा घट्ट केला. विषबाईंना त्याची एक कानशिलात द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही राहिलं. कारण त्याला सांगता येईल इतकं सोपं आपण त्याच्यासाठी कधी ठेवलंच नव्हतं, हेही त्यांना तिथेच उमगलं. बारा वर्षांत तो फोनवर दरवेळी विचारायचा, मॅडम, वेळ आहे का? आणि त्या दरवेळी म्हणायच्या, तुझं कौतुक ऐकलं रे, बाकी नंतर बोलू.

आत परत आल्यावर त्यांनी कारकुनाकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. चार ओळी. खाली सही, तारीख. कागद अध्यक्षांपुढे ठेवला.

"हे काय?"

"मी निबंध मागे घेतेय. संपादकांना हेच पत्र आज जाईल. तुम्हाला माझं मत चालत नाही ना? नका घेऊ. पण उद्यापासून तो निबंधही नाही. मग परवाना कशाच्या आधारे देणार, तेवढं फाइलमध्ये लिहून ठेवा. तुमच्या सहीने."

आता अध्यक्षांच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. मुलांचं रक्त, शिसं, मेंदू, यातलं काही त्यांच्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं. पण आधाराशिवाय सही? आठ महिने उरलेले असताना? त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी अडीचशास्त्र्याकडे पाहिलं. "तुम्ही दुसरे लेखक ना? तुमचं काय म्हणणं? निबंध आहे की नाही?"

भट्टीवाल्यांचा वकील त्याचा कोट ओढत होता. अडीचशास्त्र्याने कोट सोडवून घेतला. मग कागद ओढला, विषबाईंच्या सहीखाली स्वतःची सही केली आणि पेनाचं टोपण लावायचं विसरून तसाच बाहेर निघून गेला.

"फाइल अपूर्ण," अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकत शेरा मारला. "नवीन प्रमाण निश्चित होईपर्यंत नूतनीकरण स्थगित. महिनाअखेर जुना परवाना संपला की भट्टी बंद." कारकुनाने पत्रावर आवक शिक्का मारला. खऱ्या बोलण्याने जे झालं नाही ते एका गहाळ कागदाने केलं. सरकारी कामाची ही एक मोठी सोय आहे.

विषबाई बाहेर आल्या तेव्हा फोन वाजत होता. पुष्पगुच्छ. शनिवारचा कार्यक्रम तूर्त लांबणीवर टाकला आहे, बाईंचा प्रभाव नव्याने मोजावा लागेल, आणि बॅनरचं काय करायचं ते कृपया कळवावं. "उलट्या बाजूने वापरा," म्हणून विषबाईंनी फोन ठेवला. त्यांना हलकं हलकं वाटत होतं. चक्क मजा येत होती. आपण एवढ्याला घाबरत होतो?

कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर नर्स बसली होती. विषबाई तिच्याजवळ गेल्या. ती आता आभार मानेल, डोळ्यांत पाणी आणेल, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं हे कबूल केलं पाहिजे.

नर्सने पिशवीतून एक कागद काढला. घडीवर घडी घातलेला, कडा पिवळ्या पडलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला.

"हा त्या एकशे बारांतला नाही," ती म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वीचा आहे. माझ्या थोरल्याचा. तेव्हा तो सहाचा होता आणि आम्ही भट्टीमागेच राहायचो."

विषबाईंनी कागद घेतला. चार पॉइंट आठ. सामान्य.

"मी तेव्हा शोधून काढला होता तुमचा निबंध. नर्स आहे ना, वाटलं आपल्याला कळेल. सारांश वाचला. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, उगाच घाबरत होतो, सगळं व्यवस्थित आहे. मग आणखी चार वर्षं राहिलो तिथेच." नर्स सरळ समोर बघत बोलत होती. "आता पंधराचा आहे तो. सातवीत दोनदा बसलाय. सांगितलेलं दहा मिनिटांत विसरतो. मास्तर म्हणतात लक्ष नाही, मी म्हणते आळशी आहे. मारलंय मी त्याला, बाई. अभ्यास करत नाही म्हणून पट्टीने मारलंय." ती विषबाईंकडे वळली. "शिशाने असं होतं का?"

याचं एक उत्तर विषबाईंकडे तयार होतं. शक्यता नाकारता येत नाही, मात्र अधिक संशोधनाची गरज आहे. हे वाक्य त्यांनी शंभर वेळा तरी लिहिलं असेल, आणि एकाही संपादकाने ते कधी कापलं नव्हतं. ते ओठापर्यंत आलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

"होतं," त्या म्हणाल्या. "शिशाने अगदी असंच होतं. तो आळशी नाही. आणि तुमचंही चुकलं नाही, माझं चुकलं."

नर्सने मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं असं विषबाईंना वाटलं. मघाचं हलकेपण कुठल्या कुठे गेलं होतं.

"त्याला कोण सांगणार हे?" नर्सने विचारलं.

"मी सांगते. आत्ता येते तुमच्याबरोबर. तो घरी असतो?"

"चारला येतो."

नर्सने कागद परत घेतला, त्याची नीट घडी केली, प्लास्टिकमध्ये घातली आणि उठली. दोघी जिना उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यात ती थांबली आणि मागे वळली.

"फक्त एक करा, बाई. सावकाश सांगा, आणि दोनदा सांगा. एकदा सांगितलेलं त्याच्या लक्षात राहत नाही."